डेबऱ्या हाताच्या मापाची रायफल

आदरणीय सुखदेवराव गजभिये सरांशी माझी पहिली ओळख कवायतीच्या मैदानावर झाली, आणि ती काही फार गौरवाची नव्हती. मी अड्याळच्या शाळेत नववीत होते. सर शारीरिक शिक्षणाचे शिक्षक म्हणून नुकतेच रुजू झाले होते. त्यांनी खणखणीत आवाजात "दाहिने मुड" म्हटलं. अख्खी रांग उजवीकडे वळली आणि मी एकटी डावीकडे. शेजारच्या मुलीच्या नाकाला माझं नाक भिडलं. दोघीही खुदकन हसलो आणि रांगच्या रांग हसत सुटली. आधीच्या सरांच्या वेळी अशा प्रसंगी पाठीत धपाटा ठरलेला होता, म्हणून मी पाठ आधीच कडक करून ठेवली.

धपाटा काही आला नाही. सर जवळ आले आणि त्यांनी विचारलं, "जेवते कोणत्या हातानं?"

"उजव्या. डाव्यानं जेवलं तं बाबा मारते."

"अन् बोरं पाडाले गोटा कोणत्या हातानं मारते?"

मी डावा हात पाठीमागे नेला. मागून कोणीतरी ओरडलं, "सर, थे डेबरी आहे!" आमच्याकडे डावखुऱ्याला डेबरा म्हणतात, आणि ते कौतुकानं म्हणत नाहीत. सरांनी मागे वळून त्या मुलाकडे नुसतं पाहिलं. मग मला म्हणाले, "गोटा ज्यानं मारते तो तुझा हात. 'दाहिने' म्हटलं की त्याच्या उलट वळायचं, एवढं ध्यानात ठेव." त्यानंतर मी कवायतीत कधी चुकले नाही. ही ओळख. आज सरांच्या साठीच्या गौरवग्रंथात लिहायला बसले आहे. संपादक मंडळानं मला बजावलं आहे की भाषा आदराची ठेवा आणि विषय सोडू नका. आदर तर मनात भरलेलाच आहे. विषयाचं म्हणाल तर मी रायफलीचाच विषय धरणार आहे, कारण सरांना ओळखायचं असेल तर त्यांनी एक रायफल कशी जुळवली ते पाहावं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. सरांनी अड्याळमध्ये नेमबाजीचं प्रशिक्षण सुरू केलं ते एका बंद पडलेल्या धानगिरणीच्या लांबलचक पडवीत. गिरणीचे मालक नामदेवभाऊ यांनी ती पडवी सरांच्या शब्दाखातर मोकळी करून दिली. एका टोकाला कागदी लक्ष्यं, दुसऱ्या टोकाला आम्ही पोट्टे-पोट्ट्या, आणि मधोमध वर तुळयांवर पारवे. रायफली हवेच्या. त्यांना परवाना लागत नाही, आवाजही फारसा नाही. गावानं पहिल्याच आठवड्यात नाव पाडलं, "फुग्याची बंदूक." दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत फुगे फोडायच्या दुकानावर असते तशी, म्हणून! सरांना लोक रस्त्यात थांबवून विचारायचे, "काय सर, औंदा मंडईत दुकान कुठं लावून राहिले?" सर म्हणायचे, "तुमच्याच घरासमोर लावतो ना. बोहनी तुमी करजा."

आमचा मुलूख जंगलाला लागून. धान लोंबीवर आलं की रानडुकरं शेतात उतरतात, माणसं माचीवर बसून हाकलत राहतात. त्यामुळे बंदूक म्हटलं की गावाला शिकारच आठवते. एक आजोबा तर गिरणीत येऊन बसायचेच. "सर, येवढी मेहनत करून राहिले, तं डुकराले लागन असी बंदूक करा ना!" सर हात जोडून म्हणायचे, "आजोबा, या छऱ्यानं डुकराले गुदगुल्या होतीन. थो हासत हासत तुमचं धान खाईन." सगळी पडवी हसायची, आजोबाही हसायचे. पण या बाबतीत सर आतून किती कडक होते ते आम्ही एकदा पाहिलं. आमच्यातल्या एकानं गंमत म्हणून तुळईवरच्या पारव्यावर नेम धरला. छरा सोडलासुद्धा नव्हता. सरांनी रायफल त्याच्या हातून काढून घेतली, सगळ्यांच्या रायफली पेटीत ठेवून कुलूप घातलं आणि म्हणाले, "आजपासून पंधरा दिवस झाडू." त्या पंधरा दिवसांत आम्ही सगळ्यांनी, अगदी जिल्ह्यात पहिला आलेल्या मुलानंसुद्धा, पारव्यांची घाण काढली. जिवंत गोष्टीकडे नळी वळवायची नाही, हे त्यानंतर सांगावं लागलं नाही.

आता माझ्याकडे येते. सरांच्या या क्लबच्या सगळ्या रायफली उजव्या हाताच्या होत्या. मीही उजव्या खांद्याला लावून, डाव्या डोळ्यावर पट्टी बांधून शिकले. बरी मारायचे. जिल्ह्यात नंबर यायचा, विभागात यायचा आणि तिथंच गाडी अडायची. दोन वर्षं राज्याच्या निवडचाचणीत मी मागे राहिले. मी बारावी झाले, तरी तेच. घरी येऊन चिडचिड करायची, जेवण टाकायची, धाकट्या भावाला उगाच बोलायची. माझा स्वभाव तेव्हाही असाच होता, नाकावर राग.

एका संध्याकाळी सरांनी मला अंगठा उभा धरून दूरच्या खांबावर नेम धरायला सांगितलं आणि एकेक डोळा मिटून पाहायला लावलं. उजवा उघडा असताना अंगठा खांबावरून सरकला. डावा उघडा असताना जागचा हलला नाही. सर खुर्चीवर बसले. सगळे विद्यार्थी जवळ उभे होते. त्यांच्यासमोर ते म्हणाले, "हिचा हात डावा, डोळा बी डावा. हाताचं मले पहिल्या दिवसापासून माहीत होतं, अन् तरी मी हिले उजवी बंदूक देल्ली, कारण आपल्याजवळ थेच होती. बंदुकीच्या मापाले पोरगी वाकवत बसलो मी. हे माही चूक आहे."

शिक्षक म्हणून मी आज स्वतः मुलांसमोर उभी राहते. चार लेकरांसमोर "माही चूक आहे" म्हणायला छाती लागते, हे मला आता कळतं.

पण चूक कबूल केली म्हणजे डावी रायफल थोडीच आभाळातून पडते? आणि त्याहून अवघड म्हणजे माझे बाबा! दुसऱ्या दिवशी सर आमच्या घरी आले. "जय भीम, भाऊ." "रामराम, सर." दोघंही आपापल्या परीनं नमस्कार करायचे आणि मग एकाच खाटेवर बसून चहा प्यायचे. सरांनी सगळं समजावून सांगितलं. बाबांचा चेहरा उतरत गेला.

"सर, लहानपणापासून हिचा डावा हात सोडवता सोडवता मी थकलो. लोक म्हणते, देणंघेणं डाव्यानं, पोरीच्या जातीले शोभते का? आता कुठं उजव्यानं काहीतरी जमून राहिलं, तं तुमी पुन्हा डाव्यावर आणता? काहून?"

"भाऊ, जमून नाही राहिलं. जमवून राहिली ते."

आई दारातून माझ्याकडे पाहत होती. मग बाबांनी निर्वाणीचं सांगितलं, "एक वर्ष. पुढच्या चाचणीत राज्याच्या संघात आली तं आली. नाही आली तं बंदूक बंद, अन् डावा हातही बंद. मग पुन्हा माह्या दारात या विषयावर यायचं नाही, सर."

सर उठले, म्हणाले, "मंजूर." मला विचारलंसुद्धा नाही! मी रस्त्यापर्यंत त्यांच्या मागे गेले, रडकुंडीला आले होते. "सर, एका वर्षात हात बदलून, बंदूक बदलून कसं होणार?" सर सायकलवर टांग टाकत म्हणाले, "हात नाही बदलत. हात तं आपण परत आणून राहिलो."

इथून रायफल जुळवायचं काम सुरू झालं. नागपूरच्या एका दुकानात सर मला घेऊन गेले. तिथं समोरच एक चकाकती रायफल मांडलेली, नळी ही एवढी लांब. आमच्याबरोबर नामदेवभाऊही आले होते. त्यांचे डोळे विस्फारले. "सर, हेच घ्या! जेवढी नळी लांब तेवढा जोर जास्त!" सरांनी मला ती धरायला सांगितली. थोड्याच वेळात नळीचं टोक खाली यायला लागलं, कारण मी चणीनं लहान, हात आखूड. सर म्हणाले, "भाऊ, आपल्याले दहा मीटर मारायचं आहे, जोर कायले पाहिजे? हिच्या हातात तोल राहिला पाहिजे." मग त्यांनी दुकानाच्या मागच्या बाजूला, मोडक्या सामानात हात घातला. तिथं एक जुनी परदेशी रायफल पडली होती. पडून तिचा दस्ता, म्हणजे हातात धरून खांद्याला लावायचा लाकडी भाग, उभा चिरला होता. नळी आखूड, पण सरांनी तिच्यातून उजेडाकडे पाहिलं, पुन्हा पुन्हा फिरवून पाहिलं. छरा भरायची कळ उजव्या बाजूला होती. मी म्हटलं, "हे तर उजव्यांचीच आहे." सर म्हणाले, "डाव्यानं मारणाऱ्याचा उजवा हात मोकळाच असते भरायले. कळ तिथंच पाहिजे." चाप तपासायला त्यांनी डोळे मिटले आणि बोटानं हळूहळू दाबत राहिले. दोन टप्पे होते, पहिला मऊ आणि दुसरा काचेच्या काडीसारखा कट्कन तुटणारा. सरांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी अजून विसरले नाही. लेकाच्या लग्नातसुद्धा ते इतके हसले नव्हते, हे आमच्या काकूंचं, म्हणजे सरांच्या पत्नीचं म्हणणं.

नामदेवभाऊंनी परत येताना शेवटचा प्रयत्न केला. "वरून एक दुर्बीण तरी लावू ना सर, पिक्चरमध्ये असते तशी." दुर्बीण आमच्या खेळात चालत नाही. मागे डोळ्याजवळ बारीक भोकाची चकती आणि पुढे गोल रिंग, एवढंच. भाऊ नागपूरपासून अड्याळपर्यंत हळहळत आले.

मग दस्त्याचं लाकूड. गावातले सुतार हिरामणभाऊ वाढई या कामाला लागले. त्यांनी ऐकताक्षणी सांगितलं, "सागवान!" भंडारा जिल्ह्यातल्या माणसाला लाकूड म्हटलं की सागवानाशिवाय दुसरं सुचतच नाही. आणि इथं एक आक्रीत घडलं. माझे बाबा, ज्यांनी एका वर्षाची अट घातली होती, ते बैलबंडीवर एक फळी टाकून गिरणीत हजर झाले. नव्या घराच्या चौकटीसाठी वर्षानुवर्षं जपून ठेवलेली सागाची फळी. "लावा हे. नाही म्हणजे, बनवतच आहे तं नीट बनवा." सरांनी फळीवरून हात फिरवला. पण सागवान त्यांना नको होतं. जड होतं, आणि मुठीजवळ जिथं दस्ता बारीक करावा लागतो तिथं ते धाग्यावर फुटण्याची भीती. त्यांना पाहिजे होतं शिवण नावाच्या झाडाचं लाकूड. हलकं, निमूट, ऊन-पावसात न वाकणारं.

त्यांनी खरं ते सांगितलं. बाबांचं तोंड एवढंसं झालं. "म्हणजे आमचं लाकूड नाही चालत."

"चालते ना भाऊ. बंदुकीले शिवण पाहिजे, पण बंदूक चाचणीसाठी पुण्याले जाईन, बसमध्ये आपटन, माणसं तिच्यावर बसतीन. तिले सांभाळाले पेटी लागन. थे पेटी सागाचीच पाहिजे." आणि खरोखर पहिली पेटी तयार झाली, रायफल नंतर. हिरामणभाऊंनी तिच्या कोपऱ्यांना पितळेच्या पट्ट्या मारल्या. बाबा रोज संध्याकाळी शेतावरून येताना पेटी पाहून जायचे. म्हणायचे, "सहज आलो."

दस्त्याला आकार द्यायचा तर माझ्या मुठीचं, गालाचं, खांद्याचं माप पाहिजे. सरांनी त्यासाठी काकूंकडून कणीक मागून आणली. भला मोठा गोळा. जुन्या चिरलेल्या दस्त्यावर ती थापली, मला डाव्या हातानं धरायला लावलं, गाल टेकवायला लावला. बोटांचे, गालाच्या हाडाचे स्पष्ट ठसे उमटले. सर खूश! "उद्या हिरामणभाऊ यावरून माप घेतीन." सकाळी येऊन पाहतो तर काय, गिरणीतल्या उंदरांनी माझी मूठ खाऊन टाकलेली आणि गालावर दातांच्या खुणा. सर डोक्याला हात लावून बसले. काकूंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "एका दिवसाच्या आमच्या पोळ्या गेल्या, अन् बंदुकीनंही नाही खाल्ल्या! आता कुंभाराकडे जा म्हणावं." पुढची मापं कुंभाराच्या मातीत घेतली. काकूंबद्दल इथं दोन शब्द लिहिले नाहीत तर अन्याय होईल. सरावानंतर कितीही मुलं घरी गेली तरी काकूंच्या चुलीवर भात असायचाच, आणि त्या कोणाला किती पाहिजे ते विचारायच्या नाहीत, वाढायच्या.

शेवटी आला खांद्याकडचा भाग. हिरामणभाऊंनी तिथं सुंदर वळणदार टोक कोरलं होतं, माझ्या खांद्यात अगदी चपखल बसणारं. सरांनी पाहिलं, वाहवा केली आणि करवत मागितली. हिरामणभाऊ ओरडले, "अवो सर, काहून कापता? बसते ना!" सर म्हणाले, "आज बसते. हे पोरगी उद्या जाडी होईन, वाळन, थंडीत स्वेटर घालन. वरखाली सरकणारं टोक पाहिजे." आणि त्या कोरीव कामाच्या जागी लोखंडी पट्टीवर सरकणारी बटप्लेट बसली. हिरामणभाऊ दोन दिवस सरांशी बोलले नाहीत. गालाखालची फळीही तशीच, दोन स्क्रूंवर वरखाली होणारी. मग जिथं जिथं पाहिजे तिथं थोडं थोडं वजन टाकून तोल बांधला. रोज थोडं सरकवायचं, रोज मारून पाहायचं. उन्हाळा गेला, धानाचं रोवणं झालं, लोंब्या आल्या, तेव्हा कुठं सर म्हणाले, "आता हात लावायचा नाही. हे तुझी झाली."

खरंच माझी झाली होती! डोळे मिटून रायफल उचलायची, श्वास सोडायचा, डोळे उघडायचे, तर रिंग लक्ष्याच्या मधोमध. अंगाला जोर नाही, मानेला ताण नाही. इतकी वर्षं मी उलट्या चपला घालून चालत होते असं वाटायला लागलं. गिरणीतल्या लक्ष्यांचे कागद पाहून आजोबासुद्धा म्हणाले, "डुक्कर वाचलं बा!"

आणि मग पुण्याची निवडचाचणी. सर, मी आणि सागाची पेटी. तपासणीत रायफल पास झाली. माझा नंबर आला, मी जागेवर उभी राहिले. सरावाच्या वेळेत पहिला छरा सोडला. वर गेला. दुसरा, वर. तिसराही वर आणि बाजूला. श्वास सोडून डोळे उघडले की रिंग लक्ष्याच्या डोक्यावर तरंगत होती. मी ती जबरदस्तीनं खाली आणली, तर ती पुन्हा वर सरकली. शेजारच्या मुलींच्या पडद्यावर भराभर दहाच्या खुणा उमटत होत्या. मला बाबांचा चेहरा दिसला. वर्ष गेलं, हात गेला, सगळं गेलं. मी पंचांची परवानगी घेऊन रेषेवरून मागे आले आणि सरांवर चक्क खेकसले, "सर, बंदूक बिघडली! प्रवासात काहीतरी झालं! मी नाही मारत!"

सरांनी रायफलीकडे पाहिलंच नाही. ते माझ्या पायांकडे पाहत होते. मग वाकले, हातातली पाण्याची बाटली फरशीवर आडवी ठेवली आणि सोडली. बाटली जागची हलली नाही.

सर हसायला लागले. मला तर वाटलं माणूस डोक्यानं गेला. "अवं वैशाली, हे फरशी सपाट आहे! आपल्या गिरणीत बाटली ठेवली तं कुठं जाते?"

"पुढं घरंगळते." बोलता बोलता मी पायाखालच्या फरशीकडे पाहिलं.

त्या पडवीत पूर्वी उकडलेलं धान वाळवायचे. पाणी निथळून जावं म्हणून तिची फरशी लक्ष्यांच्या बाजूला उतरती बांधलेली. डोळ्याला दिसू नये इतकाच उतार, पण होता. आम्ही वर्षभर त्या उतारावर उभं राहून माप घेत होतो. क्लबच्या बाकीच्या रायफली कोणाच्याच मापाच्या नव्हत्या, त्यामुळे त्यांना उताराचं काही वाटलं नाही. माझी मात्र इतकी तंतोतंत केलेली की गिरणीचा उतारसुद्धा तिच्यात उतरला होता! अशी चूक करायला अड्याळचेच लोक पाहिजेत.

"बटप्लेट खाली सरकव. नखभर. मग गालाची फळी तेवढीच. घाबरू नको, यासाठीच तं हिरामणभाऊचं मन दुखवलं आपण." सरांनी खिशातून स्क्रूची चावी काढून माझ्या हातात ठेवली. स्वतः हात लावला नाही. मी विचारलं, "तुम्ही करून द्या ना." तर म्हणाले, "अंग तुझं आहे. तुले समजन कुठं थांबायचं."

मी रेषेवर परत गेले. स्क्रू सैल केला, सरकवलं, आवळलं. रायफल उचलली, डोळे मिटले, उघडले. रिंग जवळ आली होती, अजून थोडी वर. पुन्हा सरकवलं. या वेळी डोळे उघडले आणि रिंग मधोमध. सरावाची वेळ संपत आली होती. एकच छरा मारून पाहता आला. दहा!

पहिल्या काही छऱ्यांत मी अजून घाबरलेली होते, ते पडद्यावर दिसलं. नंतर मला आजूबाजूचं काही ऐकू आलं नाही. डावा खांदा, डावा गाल, डावं बोट. एकेक छरा माझा होता. शेवटचा मारून मी रायफल खाली ठेवली आणि मागे वळले तर सर खुर्चीवर नव्हते. ते भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि रुमालानं चष्मा पुसत होते. चष्मा पुसायला भिंतीकडे कशाला वळावं लागतं, सर?

संघाची यादी लागली. माझं नाव होतं! मी ओरडले, उड्या मारल्या, सरांना गदागदा हलवलं. मर्यादा वगैरे काही राहिली नाही. नागपूरची एक मुलगी माझी रायफल निरखत होती. तिनं विचारलं, "हा दस्ता कोणत्या कंपनीचा?" सरांनी छाती पुढे काढून उत्तर दिलं, "अड्याळ." तिला वाटलं असेल, जर्मनीत एखादं गाव असेल.

सरांनी तिथूनच बाबांना फोन लावला. "भाऊ, जय भीम. झाली निवड. डेबऱ्याच हातानं." पलीकडून बाबा खाकरले आणि म्हणाले, "पेटीले कुठं लागलं तं नाही ना?" आणि त्यांनी फोन ठेवून दिला. आईनं नंतर सांगितलं की ते अंगणात जाऊन एकटेच मोठ्यानं हसत होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पकडून सांगत होते.

गावात परतलो तर बसस्टँडवर डफडी वाजत होती. हिरामणभाऊंनी सरांना कडकडून मिठी मारली. नामदेवभाऊंनी तिथल्या तिथं जाहीर केलं की पडवीची फरशी नव्यानं बसवून देतो. दुसऱ्या आठवड्यात आम्ही सगळे जुनी फरशी फोडत होतो, आणि सर गुडघ्यांवर बसून मिस्त्र्याच्या लेव्हलपट्टीत डोळा घालून पाहत होते. मिस्त्री वैतागून म्हणाला, "सर, धान नाही घसरत याच्यावरून आता!" सर म्हणाले, "पोट्टेही नाही घसरले पाहिजे."

पुढं राज्याच्या संघातून मी खेळले, खेळाच्या जोरावर नोकरी लागली, आणि आज सरांच्याच शेजारी उभी राहून त्याच पडवीत मुलांना शिकवते. लोकांना वाटतं सरांनी माझ्या रायफलीचा नमुना ठेवला असेल, त्यावरून दुसऱ्या केल्या असतील. एकही केली नाही. दिघोरीहून एक मुलगी येते, तिचा एक पाय आखूड आहे. तिच्यासाठी त्यांनी पहिल्यापासून सुरू केलं, माती, ठसे, लाकूड, सगळं. मी म्हटलं, "सर, निवृत्त झालात, साठी आली, आता एक साचा करून टाका ना." माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं माती भिजवायला गेले.

सरांच्या सत्काराला शाल असेल, श्रीफळ असेल, मोठ्या माणसांची भाषणं असतील. मला माहीत आहे, सर व्यासपीठावर बसून घड्याळ पाहत असतील, कारण पोरी गिरणीत वाट पाहतात. काकूंना माझी विनंती की त्यांच्या गुडघ्यांना तेल लावत जावं आणि साखरेच्या गोळ्या चुकू देऊ नयेत. आणि सरांना नमस्कार करून, पण जरा दरडावूनच सांगते. सर, अजून कितीतरी लेकरं अशी आहेत की त्यांच्या मापाचं या जगात काहीच तयार नाही. ती येणार आहेत, आणि तुमच्याकडेच येणार आहेत. म्हणून तुम्हाला खूप जगावं लागेल, धडधाकट जगावं लागेल. थकलो म्हणायची परवानगी आम्ही देत नाही.